माल्टा-गोझोत स्कुबा आणि स्नॉर्केलिंग: परतीच्या विमानापासून मागे मोजत आखायची सहल

भूमध्य समुद्रात डायव्हिंगला जायचं ठरलं की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी स्वस्तात मिळालं म्हणून विमानाचं तिकीट, मग हॉटेल, मग व्हिसाची धावपळ, आणि डायव्ह सेंटरला मेल अगदी शेवटच्या आठवड्यात. त्या मेलला उत्तर येतं तेव्हा कळतं की ज्या जहाजाचे फोटो बघून बेत केला ते आपल्या परवान्याच्या खोलीत बसत नाही, परतीच्या दिवशी सकाळी डायव्ह करता येत नाही, आणि वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते.

दक्षिण युरोपात पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी माल्टा मला सगळ्यात सोयीचं वाटतं. बेटं लहान, इंग्रजी सगळीकडे चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, आणि बऱ्याचशा डायव्ह किनाऱ्यावरूनच. शिवाय एका किनाऱ्यावर वारा असला तर अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या किनाऱ्याला जाता येतं. खालचा क्रम माल्टा आणि त्याच्या शेजारचं छोटं बेट गोझो यांच्यासाठी लिहिला आहे.

## १. आपली पायरी आधी ठरवा

मालवणला, तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ प्रशिक्षकाचा हात धरून जो अनुभव घेतला, तो परवाना नव्हे. त्याचं प्रमाणपत्र मिळालं असेल, व्हिडिओही असेल, पण माल्टातल्या सेंटरच्या दृष्टीने तुम्ही नवखेच. हा सगळ्यात जास्त होणारा गैरसमज आहे.

पायऱ्या साधारण अशा:

- परवाना नाही: प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यातली ओळख-डायव्ह, किंवा तिथेच तीन-चार दिवसांचा कोर्स.
- ओपन वॉटर (पहिला परवाना): १८ मीटरपर्यंत.
- ॲडव्हान्स्ड (त्यापुढचा परवाना): ३० मीटरपर्यंत.

माल्टाची गाजलेली बुडीत जहाजं बहुतेक खोल आहेत. उम एल फारूद हे ११० मीटर लांबीचं तेलवाहू जहाज १९९८ मध्ये मुद्दाम बुडवलं. ते सुमारे ३६ मीटरवर वाळूत उभं आहे. माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वाची रोझी ही टगबोट आणि पी-२९ ही गस्ती नौकाही पस्तिशीच्या आसपास. ओपन वॉटरवाल्याने यांच्यासाठी तिकीट काढू नये. त्याच्यासाठी राजधानी व्हॅलेटाजवळची एचएमएस माओरी, म्हणजे १९४२ साली बॉम्बहल्ल्यात बुडालेली ब्रिटिश विनाशिका, जेमतेम १४ मीटरवर पडली आहे.

सुट्टी कमी असेल तर कोर्सची थिअरी आणि तरणतलावातला भाग मुंबई-पुण्यात उरका आणि समुद्रातल्या चार डायव्ह तिकडे करा. याला ‘रेफरल’ म्हणतात. पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेचं रेफरल १२ महिने चालतं. दोन्हीकडची सेंटरं एकाच संस्थेची आहेत ना, हे आधी विचारून घ्या.

तपासा: शेवटची डायव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर उजळणी-डायव्हचा अर्धा दिवस आताच धरा. लॉगबुक आणि परवान्याचा फोटो फोनमध्ये हवा, नेटवर अवलंबून राहू नका.

## २. वैद्यकीय फॉर्म घरी भरा, काउंटरवर नाही

सेंटर तुम्हाला दहा मुख्य प्रश्नांची वैद्यकीय प्रश्नावली देतं. दमा, हृदयविकार, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं; पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचे जादा प्रश्न. ठरावीक उत्तरांत एक जरी ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते, तिथे कुणाचाही इलाज नसतो.

आपल्याकडे रक्तदाबाची गोळी म्हणजे कुणी आजार मानत नाही. ‘ती तर रोजचीच आहे’ म्हणून फॉर्मवर ‘नाही’ ठोकून देतात. हे करू नका. खोट्या उत्तरावर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि खरा धोका तर पाण्यातच आहे. आणि खरं उत्तर तिथे पोचल्यावर दिलं तर पहिला दिवस डॉक्टर शोधण्यात जातो. फॉर्म आत्ताच मागवा, त्यासोबतचं डॉक्टरांचं पानही छापा आणि आपल्या फिजिशियनकडून सही-शिक्क्यासह भरून घ्या.

सावधान: सर्दी झाली असेल तर डायव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली असताना उतरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते.

## ३. महिना निवडताना हवा नव्हे, पाणी बघा

मे महिन्यात माल्टाला लख्ख ऊन असतं, फोटो सुरेख येतात आणि पाणी असतं १८-१९ अंश. अंदमानच्या पाण्याची सवय असलेला माणूस दुसऱ्या डायव्हला कुडकुडायला लागतो. उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा घोळ नेमका इथे होतो.

| काळ | पाण्याचं तापमान | सूट |
|---|---|---|
| फेब्रुवारी-मार्च | सुमारे १५ अंश | ७ मिमी किंवा ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) |
| मे | १८-१९ | ५ ते ७ मिमी, हूड (डोक्यावरची टोपी) |
| जून | २१-२२ | ५ मिमी |
| ऑगस्ट | २६-२७ | ३ ते ५ मिमी |
| ऑक्टोबर | २३-२४ | ५ मिमी |

ही तापमानं पृष्ठभागाची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पंधरा-वीस मीटरखाली गार पाण्याचा थर लागतो आणि तो एकदम अंगावर येतो.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. पाणी अजून उबदार, ऑगस्टची झुंबड ओसरलेली. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी सुट्टीशी जवळपास जुळतं. नोव्हेंबरात दिवाळी आली तरी पाणी २१ च्या आसपास असतं, पण वादळी दिवस वाढतात; तेव्हा एक दिवस जास्तीचा ठेवा.

## ४. परतीच्या विमानापासून मागे मोजा

सगळ्या आखणीचा खुंटा हा आहे. डायव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. प्रचलित शिफारस अशी: एकच साधी डायव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस किंवा दिवसात अनेक डायव्ह असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून सक्तीचे डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. मी सरसकट २४ तास धरतो. हिशेब सोपा होतो, आणि विमानाची वेळ अलीकडे आली तरी धडधड होत नाही.

आता कॅलेंडर घ्या. समजा परतीचं विमान रविवारी दुपारी दोनला आहे.

1. शनिवार दुपारी दोननंतर पाण्याखाली जायचं नाही. म्हणजे व्यवहारात शनिवार कोरडा.
2. शुक्रवार: शेवटच्या डायव्ह, त्याही उथळ.
3. बुधवार-गुरुवार: मुख्य डायव्ह.
4. मंगळवार: तपासणी-डायव्ह (मुद्दा ८ बघा) आणि एखादी सोपी जागा.
5. सोमवार: पोचणं. या दिवशी डायव्ह नाही. रात्रभराचा प्रवास, इस्तंबूल किंवा दुबईतला विमानबदल आणि विमानातली कोरडी हवा यामुळे शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं.

सात दिवसांत डायव्हिंगचे दिवस चारच निघतात. त्यातला एक वाऱ्यात जाईल असं समजून चाला आणि तीन दिवसांची बुकिंग पक्की करा. चौथा मोकळा.

सावधान: उंची म्हणजे फक्त विमान नव्हे. व्हॅलेटाहून सिसिलीतल्या पोझालोला जलद फेरी जाते, म्हणून अनेकजण माल्टाला जोडून एटना ज्वालामुखी घेतात. एटनाची केबल कार १,९०० मीटरवरून सुटते आणि २,५०० मीटरवर सोडते. आदल्या दुपारी डायव्ह आणि सकाळी एटना ही जोडी नको. एटना करायचाच तर डायव्हिंगच्या आधी करा.

## ५. आधी डायव्ह सेंटर, मग राहण्याची जागा

हॉटेल आधी घेतलं की सेंटर हॉटेलजवळचं शोधावं लागतं. उलट करा. दोन पर्याय आहेत.

गोझोवर मुक्काम: ड्वेय्राचं ब्लू होल, इनलँड सी आणि शात ल-आहमारची जहाजं जवळ. संध्याकाळी फार काही नसतं, पण डायव्हरला रात्री नऊलाच झोप येते. राहायला मार्साल्फोर्न किंवा श्लेंडी.

माल्टाच्या उत्तर भागात मुक्काम, म्हणजे मेलीहा किंवा बुजिब्बा: चिर्केव्वा जवळ, गोझोची फेरी जवळ, आणि डायव्ह न करणाऱ्या कुटुंबीयांना फिरायला सोयीचं.

चिर्केव्वा ते इमजार (गोझोचं बंदर) ही फेरी सुमारे २५ मिनिटांची आहे आणि रात्रीही चालते. तिकीट गोझोहून परतताना घेतात, त्यामुळे जाताना खिडकी शोधत बसू नका.

सेंटरला एकाच मेलमध्ये हे सगळं विचारा: एका मार्गदर्शकामागे किती डायव्हर? सिलिंडर आणि शिसं (बुडण्यासाठी अंगावर घ्यायची वजनं) किमतीत धरलंय का? सूट आणि रेग्युलेटरचं (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण) भाडं वेगळं? हॉटेलवरून नेणं-आणणं? वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस? सिलिंडरच्या झडपेला डिन (आट्यांनी फिरवून बसणारा) रेग्युलेटर लागतो की क्लॅम्पचा (वरून शिकंज्याने आवळायचा)? युरोपात डिन बरंच चालतं आणि आपल्याकडचे रेग्युलेटर बहुधा क्लॅम्पचे, तेव्हा स्वतःचा नेणार असाल तर अडॅप्टरची चौकशी करा.

शेवटच्या डायव्हची तारीख, आतापर्यंतच्या डायव्हची संख्या आणि सर्वात जास्त खोली हेही त्याच मेलमध्ये लिहा. ‘तुम्हाला खोल जहाजावर आम्ही नेणार नाही’ असं उत्तर आलं तर सेंटर चांगलं आहे. परवाना न बघताच हो म्हणणारं सेंटर सोडून द्या.

## ६. व्हिसा, आणि दोन वेगवेगळे विमे

माल्टा शेंगेनमध्ये आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण गर्दीच्या काळात एवढ्यावर विसंबू नका. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. सिसिली जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. सेंटरच्या बुकिंगचा मेल प्रवासाच्या आराखड्यासोबत लावा, म्हणजे प्रवासाचा हेतू आपोआप स्पष्ट होतो.

विम्याचं मात्र नीट वाचा. व्हिसासाठी ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारी पॉलिसी लागते. ती घेतली म्हणजे डायव्हिंगचा विमा झाला असं नाही. अशा पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत साहसी खेळांची यादी असते आणि स्कुबा बहुधा तिथेच सापडतं. डायव्हिंगसाठी वेगळा विमा घ्या. डॅनसारख्या डायव्हर संस्था तो अल्प मुदतीसाठीही देतात.

तपासा: डायव्हिंगच्या विम्यात तीन गोष्टी शोधा: रिकम्प्रेशन चेंबरमधले (दाब वाढवून बुडबुडे विरघळवणाऱ्या बंद खोलीतले) उपचार, डायव्हच्या खोलीची मर्यादा, आणि आणीबाणीला चोवीस तास चालणारा नंबर. तो नंबर सोबत्याच्या फोनमध्येही टाका.

## ७. सामान: काय न्यायचं, काय तिथे घ्यायचं

मास्क स्वतःचा न्या. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून घ्या. भाड्याच्या मास्कमध्ये तुमचा नंबर मिळेलच याचा भरवसा नाही. नवीन मास्कच्या काचेला आतून कारखान्यातला एक पातळ थर असतो. त्यावर साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने दोन-तीन वेळा घासून धुवा, नाहीतर प्रत्येक डायव्हला धुकं. मिशी राखणाऱ्यांनी नाकाखालची एक बारीक पट्टी कातरावी. मास्कची कड कातडीला टेकली नाही की पाणी झिरपतच राहतं.

बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स हवेत. माल्टात वाळूचा किनारा कमी. डायव्हला उतरायचं ते टोकदार चुनखडीवरून, पाठीवर सिलिंडर घेऊन. ब्लू होलला गाडीतळापासून पाण्यापर्यंत असाच खडबडीत रस्ता चालावा लागतो. अनवाणी पायात घालायचे बंद फिन्स इथे निरुपयोगी आहेत.

सूट, जॅकेट (हवा भरून-काढून तरंगणं सांभाळायचं), सिलिंडर, शिसं भाड्याने. रेग्युलेटर आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ नोंदवणारं मनगटी यंत्र) स्वतःचे असतील तर केबिन बॅगेत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच. सुरी मात्र चेक-इनला. प्लग ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे असतात, अडॅप्टर विसरू नका.

## ८. पहिली डायव्ह: वजनाची तपासणी

हा टप्पा लोक उरकून टाकतात, आणि मग आठवडाभर हवा लवकर संपते म्हणून कुरकुरतात. ‘मला अंदमानात चार किलो लागतात’ हा आकडा इथे चालत नाही. कारणं तीन. सूट जाड, म्हणून तो जास्त तरंगतो. भूमध्याचं पाणी खारट. क्षारता हजारी सुमारे ३८, अंदमानकडे ३२-३३ च्या आसपास. या दोन्हींमुळे शिसं वाढतं. तिसरं कारण उलट दिशेचं आहे: आपल्याकडचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की तरंगायला लागतं, आणि इथलं १२ किंवा १५ लिटरचं पोलादी सिलिंडर रिकामं झालं तरी बुडतंच. तेवढं शिसं कमी होतं. बेरीज-वजाबाकी डोक्यात करत बसण्यापेक्षा पाण्यात करा.

1. सगळा सरंजाम चढवून, उभे राहिल्यास डोकं पाण्याखाली जाईल इतक्या खोलीवर या.
2. जॅकेटमधली हवा पूर्ण काढा. नेहमीसारखा श्वास घेऊन धरा.
3. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं.
4. डायव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार असताना पाच मीटरवर पुन्हा तपासा. वर खेचले जात असाल तर एक किलो वाढवा.

इथे दाब बारमध्ये मोजतात. २०० ला सुरुवात, १०० ला मार्गदर्शकाला खूण, ५० बार शिल्लक ठेवून बाहेर. पीएसआयची सवय असेल तर दाबमापकावरचे हे तीन आकडे आदल्या रात्री डोक्यात बसवा.

## ९. जागांचा क्रम वाऱ्यावर सोडा

माल्टात सर्वाधिक वाहतो तो वायव्येचा वारा, स्थानिक भाषेत मज्जिस्त्राल. तो जोरात असला की चिर्केव्वा आणि ड्वेय्रा बंद. ईशान्येचा ग्रिगाल आला की व्हॅलेटाकडची बाजू खवळते आणि नैऋत्य किनारा शांत राहतो. म्हणून ‘बुधवारी ब्लू होलच’ असा हट्ट धरू नका. सेंटरला आवडीच्या पाच-सहा जागांची यादी द्या आणि कोणती केव्हा ते त्यांच्यावर सोपवा. अनुभवी मार्गदर्शक सकाळी किनाऱ्यावर पोचून, लाटा बघूनही बेत बदलतो. तेव्हा वाद घालू नका.

खोलीचा चढता क्रम मात्र तुम्ही ठरवा. पहिल्या दिवशी एचएमएस माओरी किंवा माल्टा-गोझोच्या मधल्या कोमिनो बेटाच्या सांता मारिया गुहा, दोन्ही उथळ. मग ब्लू होल: खडकातल्या खड्ड्यात उतरायचं, सुमारे आठ मीटरवरच्या कमानीखालून बाहेर खुल्या समुद्रात. जवळची प्रसिद्ध खडकाची कमान अझुर विंडो ८ मार्च २०१७ रोजी कोसळली. तिचे प्रचंड दगड आता पाण्याखाली बघायला मिळतात. उम एल फारूदसारखी खोल डायव्ह तिसऱ्या दिवशी, आणि त्या दिवसाची पहिली. तीस मीटरवर हौशी डायव्हिंगच्या तक्त्यानुसार जेमतेम २० मिनिटं मिळतात, १८ मीटरवर ५६. फोटोंच्या नादात ही २० मिनिटं कधी सरली ते कळत नाही.

सावधान: इनलँड सीचा सुमारे ८० मीटरचा बोगदा पर्यटकांच्या बोटींचाही रस्ता आहे. आत असताना वर यायचं नाही; मार्गदर्शकाने सांगितलेली खोली धरूनच बाहेर पडायचं.

बाहेर येताना बऱ्याच जागी खडकाला लोखंडी शिडी असते. चूक इथे होते: माणूस दमलेला असतो, आधी तोंडातला रेग्युलेटर काढतो, मास्क कपाळावर सरकवतो आणि लाट येऊन शिडीवर आपटते. मास्क आणि रेग्युलेटर जागेवरच ठेवा. एका हाताने शिडी घट्ट धरा, दुसऱ्याने फिन्स काढून मनगटात अडकवा, लाट उचलेल तेव्हा पाय पायरीवर टाका. वर चढणाऱ्याच्या खाली कधीही थांबू नका. सिलिंडरसकट माणूस अंगावर येऊ शकतो.

## १०. सोबतचे स्नॉर्केलिंगवाले

घरातले चौघे, डायव्हर एक, असं चित्र नेहमीचं. बाकीच्यांना ‘तुम्ही इथेच पोहा’ म्हणून डायव्हच्या जागी सोडू नका. तिथे पाणी थेट खोल असतं आणि जीवरक्षक नसतो. त्यांच्यासाठी नैऋत्येचं आर लाप्सी आणि गोझोवरचं होंडोक इर-रुम्मिएन बरं. कोमिनोच्या ब्लू लगूनला मे २०२५ पासून आधी ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते. सकाळची पहिली वेळ घ्या. दुपारी तिथे माशांपेक्षा माणसं जास्त.

- पोहता न येणाऱ्याला लाइफ जॅकेट, आणि सोबत पोहणारा माणूस. फक्त जॅकेट पुरेसं नाही.
- पूर्ण चेहरा झाकणारे मास्क टाळा, विशेषतः स्वस्तातले. उच्छ्वासाचा वायू आत साचू शकतो आणि घाबरल्यावर ते पटकन काढता येत नाहीत.
- पोहण्यासाठी आखलेल्या बोयांच्या रेषेबाहेर बोटी वेगाने जातात. बाहेर जायचं तर रंगीत बोया सोबत ओढायचा.
- खडकावर पाय टेकायच्या आधी बघा. काळे समुद्री काटेरी गोळे असतात. काटा तळव्यात तुटला की दोन दिवस लंगडायचं.

जांभळट छोटे जेलीफिश दिसले तर पाण्याबाहेर या. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी, व्हिनेगर आणि चोळणं, तिन्ही नको.

सावधान: डायव्ह केलेल्या माणसाने त्याच दिवशी कुटुंबासोबत स्नॉर्केलिंग करताना श्वास धरून खोल बुड्या मारू नयेत. पृष्ठभागावर तरंगायला हरकत नाही.

## ११. डायव्हनंतर काही वेगळं वाटलं तर

सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, अवाजवी थकवा. ‘प्रवासाचा शीण असेल, झोपून बघू’ म्हणून रात्र काढणं ही घातक चूक. डायव्ह झाल्याच्या चोवीस तासांत असं काही झालं तर कारण डायव्हच आहे असं धरून चाला.

1. सेंटरला लगेच सांगा. ऑक्सिजन त्यांच्याकडे असतो, तो सुरू करायला लावा.
2. ११२ ला फोन. ‘डायव्हिंग’ हा शब्द पहिल्याच वाक्यात. माल्टात माटेर देई (Mater Dei) रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर आहे.
3. त्यानंतर विम्याचा आणीबाणीचा नंबर.
4. डायव्ह कॉम्प्युटर बंद करू नका, रुग्णासोबत पाठवा. खोली आणि वेळ डॉक्टरांना त्यातूनच कळते.
5. सोबत उतरलेल्या जोडीदारालाही तपासायला लावा. त्याने तीच डायव्ह केलेली असते.

लक्षणं ऑक्सिजनवर गेली तरी रुग्णालयात जायचंच, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय विमानात बसायचं नाही. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या; दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालेल.